दिलगीरबाईंची सहल

कचेरीत त्यांना सगळे दिलगीरबाई म्हणत, आणि तेही तोंडावर. बाईंनी कधी वाईट वाटून घेतलं नाही. सत्तावीस वर्षं ज्या बाईच्या प्रत्येक पत्राची सुरुवात ‘आम्ही दिलगीर आहोत’ अशी होते, तिला लोकांनी आणखी काय म्हणावं?

ती सहलींची कंपनी होती. वरच्या मजल्यावर गुळगुळीत कागदावर रंगीत माहितीपत्रकं तयार होत, आणि जिन्याखालच्या खोलीत, जिथे दुपारीही दिवा लावावा लागे, तिथे बाई त्या माहितीपत्रकांचे परिणाम निस्तरत बसत. प्रत्येक सहलीच्या शेवटी बसमध्ये पिवळे फॉर्म वाटले जायचे. ‘स्थळ अपेक्षेप्रमाणे होते का?’ हा त्यातला पाचवा प्रश्न. भरलेले फॉर्म गठ्ठा बांधून बाईंच्या टेबलावर यायचे आणि आठ दिवसांत प्रत्येक तक्रारीला उत्तर जायचं, असा कंपनीचा नियम होता. हा नियम ज्या साहेबांनी केला ते कधीच दुसरीकडे निघून गेले. नियम मात्र बाईंच्या मानगुटीवर बसला तो बसलाच.

त्यामुळे झालं असं, की बाईंनी जग पाहिलं नव्हतं, पण त्यात काय काय कमी आहे ते त्यांना तोंडपाठ होतं. ‘हजार गुलाबांची बाग’ म्हणून गाजलेल्या बागेत दोनशे चौदाच झाडं आहेत, हे त्यांना एका निवृत्त गणित शिक्षकांनी रांगांनुसार तक्ता काढून कळवलं होतं. झोपलेल्या बाईच्या आकाराचा डोंगर म्हणतात, तो आधी कोणी सांगितल्याशिवाय बाईसारखा दिसत नाही, आणि सांगितल्यावरही जेमतेमच दिसतो. एका धबधब्याखाली उभं राहून पाठ भिजली नाही, म्हणून एका गृहस्थांनी पाठीचा फोटो जोडला होता. सुरुवातीला बाईंना हसू यायचं. मग राग यायला लागला. आधी माहितीपत्रकं लिहिणाऱ्यांचा, मग ती खरी मानणाऱ्यांचा. पुढे तोही येईनासा झाला. माणसं वर्षभर राबतात, चार दिवस कुठेतरी जातात आणि तिथून तोंड पाडून परत येतात, याचा पाढा रोज सकाळी दहा वाजता उघडायचा आणि संध्याकाळी साडेपाचला मिटायचा. या कामाने शरीर दमत नाही. पण घरी आल्यावर कोणी ‘आज छान वारा सुटलाय’ म्हणालं, तरी ‘धूळ किती आहे त्यात’ असं तोंडातून निघून जातं, तसं बाईंचं झालं होतं.

घरी त्या आणि त्यांची ताई, दोघीच. बाईंनी लग्न केलं नाही. ताई लग्न करून गेली होती, ती नवरा गेल्यावर शिवणयंत्रासकट परत आली. आई लवकर गेल्यामुळे ताईनेच शाळेचे गणवेश शिवून धाकटीला शिकवलं होतं. आता ती सहासष्टची, धाकटी अठ्ठावन्नची, तरी ताई तिला चिमे म्हणूनच हाक मारायची.

ताईच्या यंत्रासमोर भिंत होती, आणि त्या भिंतीवर अकरा वर्षांपूर्वीचं एक कॅलेंडर. बाईंनीच कचेरीतून आणलेलं. त्यावर एका तलावाचा फोटो होता, आणि खाली ‘डोळ्यांचे पारणे फेडणारा निळाशार तलाव’ अशी ओळ. दर वर्षी नवं कॅलेंडर आलं की ते दारामागे लागायचं, हे तिथेच. “तारखांना नाही, मला बघायला हवंय ते,” ताई म्हणायची. बाही जोडून झाली की मान वर करून तलाव बघायची आणि पुन्हा मान खाली घालायची.

मग ताईच्या डोळ्यांना काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी फार गोड बोलण्यात वेळ घालवला नाही. “नजर कडांकडून जात चाललीय. नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं दिसेल. आणि ती नळी अरुंद होत जाणार. औषधांनी वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही. काही बघायचं राहिलं असेल तर यंदाच बघून घ्या.” ताईचं शिवण चालू राहिलं, कारण सुई बरोबर मध्यावर असते. पण शेजारी ठेवलेली कात्री तिला हाताने चाचपावी लागायची.

“चिमे, मला तो तलाव बघायचाय,” घरी येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली.

बाईंना ताईच्या डोळ्यांचं दुःख होतंच, पण दुसरी भीती त्याहून जवळची होती. त्या तलावाच्या तक्रारींची फाईल सगळ्यात जाड होती. माणसाला नजर जाण्याआधी एकच गोष्ट डोळे भरून बघायचीय, आणि ती नेमकी ही!

निवृत्तीला तीन महिने उरले होते. कंपनी जुन्या कर्मचाऱ्यांना एका सहलीच्या दोन जागा द्यायची. हल्लीच्या साहेबांनी विचारलं, “बाई, कुठे जाणार?” सत्तावीस वर्षांत बाईंनी ही सवलत कधी मागितली नव्हती. त्यांनी तलावाचं नाव सांगितलं, तेव्हा साहेब चमकलेच. “तिथे? तुम्ही?”

“माझ्या बहिणीला जायचंय,” बाई म्हणाल्या.

बाईंनी मनाशी एक ठरवलं, आणि जे ठरवलं ते अगदी मनापासून, ताईच्या भल्यासाठी. त्यांचा सत्तावीस वर्षांचा अनुभव असा होता, की तक्रार जागेमुळे येत नाही, अपेक्षेमुळे येते. ज्याला आधीच सांगितलंय की तिथे फार काही नाही, तो फॉर्ममध्ये ‘ठीक’ लिहून मोकळा होतो. तेव्हा ताईला आधीच सगळं सांगून ठेवायचं. म्हणजे तिचा विरस होणार नाही. इतकं सरळ गणित.

तीन दिवसांची सहल होती. पहिल्या दिवशी एक मनोऱ्यावरचं घड्याळ. दुपारी बाराच्या ठोक्याला त्यातून लाकडी बाहुल्या बाहेर येऊन फेर धरतात. बस थांबायच्या आधीच बाईंनी सांगून टाकलं, “हे बघ, बारा बाहुल्या लिहिल्यात, पण नऊच येतात. ढोलवाल्याचा हात मोडलाय. आणि सगळं मिळून पाऊण मिनिटात आटपतं.” ताईने मान वर केली, बाहुल्या शोधेशोधेपर्यंत पाच निघून गेल्या होत्या. “बघ, म्हटलं नव्हतं?” बाई म्हणाल्या. ताई म्हणाली, “म्हटलं होतंस.”

दुसऱ्या दिवशी बागेच्या फाटकातच गणित शिक्षकांचा तक्ता निघाला. ताई एका फुलाशी वाकून, नाक जवळजवळ पाकळ्यांना लावून बघत होती. बाई शेजारी उभ्या राहून सांगत होत्या, की या रांगेतली झाडं दर वर्षी मरतात आणि नवी लावतात, म्हणून ही अशी बारकी. पुढच्या सीटवरची एक प्रवासी बाई तेवढ्यात तिथे आली होती. ती कौतुकाने म्हणाली, “तुम्हाला बरीच माहिती आहे हो!” बाईंना बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, चांगलंच बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी तलाव. आत जायच्या रांगेतच तास गेला. नावेतून फिरायचा नाद त्यांनी आधीच सोडला होता. काठावरच्या बाकावर जागा मिळाली तेव्हा जेमतेम पंधरा मिनिटं उरली होती. मागे भोंग्यावरून कोणीतरी नावेचे नंबर ओरडत होतं. ताईने पदराने चष्मा पुसला, पाठ ताठ केली आणि उजवीकडच्या टोकापासून बघायला सुरुवात केली. तिला एका वेळी एक तुकडाच दिसायचा. तो बघून झाला की मान अंमळ सरकवायची, मग पुढचा. कापडावर खडूने रेघ मारत जावं तशी ती सावकाश निघाली होती.

“फोटो त्या नावघराच्या छतावरून काढलेला,” बाई म्हणाल्या. “ते छत आता बंद केलंय. म्हणून इथून तसं दिसत नाही. मी सांगितलं होतं.”

“हं.”

“आणि निळं वगैरे वर्षातून दोनच महिने. तेही सकाळी अकरा ते बारा.”

ताईची मान मध्यापर्यंत पोचली असेल नसेल, तोच सहलप्रमुखाची शिट्टी वाजली. लोक उठले, बाकासमोरून लोंढा जायला लागला. ताईने घाईने बाईंचा हात धरला.

“चिमे, डावीकडचं राहिलं गं. काय आहे तिकडे? लवकर सांग.”

बाईंनी डावीकडे बघितलं. “कुंपण आहे. तारेचं. त्याला पिशव्या अडकल्यात,” त्यांनी मोजल्या, “सात.”

“आणि पलीकडे?”

“पलीकडे उथळ आहे. दर उन्हाळ्यात तक्रार येते. चल, बस निघेल.”

ताई उठली. ती रडली नाही, कुरकुरली नाही, तोंडही पाडलं नाही. बसमध्ये बाईंनी सुटकेचा श्वास घेतला. निभावलं एकदाचं. परतीच्या वाटेवर पिवळे फॉर्म आले. ताईने कागद डोळ्यांशी धरला आणि लिहायला बसली. ती इतका वेळ लिहीत होती, की सहलप्रमुख दोनदा येऊन परत गेला. दुसऱ्याचा फॉर्म डोकावून बघायचा नाही, हा बाईंचा नेम होता, तो त्यांनी तेव्हाही पाळला.

पुढचे चार दिवस घरी काहीच वेगळं घडलं नाही. ताईने दोन गणवेश शिवले. पाचव्या दिवशी जिन्याखालच्या खोलीत गठ्ठा आला. बाईंनी दोरी सोडली, सवयीने एकेक वाचत गेल्या. बाहुल्या नऊच होत्या. गुलाब हजार नव्हते. मग एक फॉर्म आला, ज्यातलं अक्षर ओळ सोडून वर-खाली चढलेलं, पण आकडे मात्र मापाच्या वहीतल्यासारखे नीट. बाईंनी ते अक्षर लगेच ओळखलं.

पाचव्या प्रश्नाखाली लिहिलं होतं: ‘छापलेला तलाव आणि खरं पाणी सारखं नसतं, एवढं मला कळतं. मी शिंपीण आहे, खुळी नाही.’

सहाव्या प्रश्नाखाली, ‘सहलीत काही त्रास झाला का?’ याला: ‘झाला. शेजारच्या सीटवरच्या बाईंचा. मी कुठलीही गोष्ट बघायच्या आत त्या तिच्यातलं वाईट सांगून मोकळ्या होत. मला एका वेळी थोडंच दिसतं, बाकीचं दुसऱ्याने सांगितलं तर कळतं. तलावाची एक बाजू राहिली म्हणून विचारलं, तर त्यांनी पिशव्या मोजून सांगितल्या.’

आणि शेवटी, ‘सूचना’ या रकान्यात: ‘त्यांच्यावर काही कारवाई करू नये. माझी सख्खी धाकटी बहीण आहे. मनाने वाईट नाही, नोकरीने दमली आहे. घरी बोलले असते तर तिने लगेच उत्तर दिलं असतं. लिहिलेलं मात्र ती शेवटपर्यंत वाचते, म्हणून लिहिलं.’

बाईंनी तो दोनदा वाचला. कान तापले. आधी राग आला. मी काय हिचं घोडं मारलं होतं, हिच्यासाठीच तर सगळं केलं! तो राग टिकेना. मग इतकी लाज वाटली, की समोर कोणी नसताना त्यांनी फॉर्म पालथा घातला. उत्तराचा कागद टाइपयंत्रात चढवला. एक अक्षरही उमटलं नाही. साडेपाचची वाट न बघता त्या उठल्या आणि घरी आल्या. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा त्या वेळेआधी निघाल्या होत्या, आणि कचेरीत कोणाच्या ते लक्षातही आलं नाही.

ताई यंत्रावर कॉलर उलटवत होती. पावलं ओळखून म्हणाली, “आज लवकर?”

“तुझा फॉर्म आला.”

“बरं.” यंत्र थांबलं. “उत्तर आणलंस?”

“नाही.” बाई पलंगाच्या कडेवर टेकल्या. पिशवी मांडीवरच राहिली. “ताई, माझं चुकलं गं. मला वाटलं, तुला वाईट वाटू नये.”

“ते माहितेय मला. ते जाऊ दे.” ताईने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. “आता निवांत आहेस ना? मग आता सांग. त्या बाजूला काय काय होतं? कुंपण नको, पिशव्या नकोत.”

बाईंनी डोळे मिटले. कुंपणाचे खांब गंजलेले होते, एक वाकडा होता. सात पिशव्या, त्यातल्या दोन काळ्या. भोंग्यावर एकतीस नंबरची नाव पुकारली होती. नावघराच्या छतावर ‘प्रवेश बंद’ची पाटी होती. हे सगळं लख्ख आठवलं. पाणी असणारच तिथे. पण ते निळं होतं की मातकट, त्यावर ऊन होतं की सावली, पलीकडे झाडं होती की उघडा डोंगर, यातलं एकही त्यांना सांगता येईना. त्यांनी पुन्हा आठवून बघितलं. ताई पुढे वाकून वाट बघत होती.

“मी बघितलंच नाही गं,” बाई म्हणाल्या, आणि त्यांना रडू आलं.

ताईने हाताने चाचपून कात्री शोधली, कॉलरचा दोरा कापला.

“म्हणजे ती बाजू कोणीच बघितली नाही,” ती म्हणाली.