दाजींचे बावन्न शुक्रवार

आमच्या दाजींनी जितकी माणसे उलटी पाहिली तितकी निजामाच्या साऱ्या मुलखात दुसऱ्या कुणी पाहिली नसतील. उलटी म्हणजे अगदी डोके खाली आणि पाय वर. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, बीदरच्या तहसिलीत कारकून, शेरवानीची गळ्याशी असलेली गुंडी भर उन्हाळ्यातही न सोडणारे गृहस्थ. बदली होऊन गेलेला कुणी साहेब तीन पायांचा लाकडी कॅमेरा मागे टाकून गेला आणि तो कसा कोण जाणे यांच्या गळ्यात पडला. त्या कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर समोरचे सगळे उलटे दिसते. डोक्यावर काळे फडके घेऊन दाजी तासन्‌तास ते उलटे जग बघत बसायचे आणि पुढे पुढे त्यांना तेच सरळ वाटायला लागले. बाजारात कुणी ओळखीचे भेटले की आधी मान पार खांद्याला टेकवून त्याला न्याहाळायचे आणि मग विचारायचे, "बरं हाय नव्हं?" मी मेहुणी. त्यांना हसायचा मला जन्मसिद्ध हक्क होता आणि तो बजावण्यात मी कधी कसूर केली नाही.

पण हे खूळ उगाच शिरलेले नव्हते. आम्हा लिंगायतांत माणूस गेले की त्याला न्हाऊ घालतात, कपाळभर विभूती लावतात, भिंतीला टेकवून बसवतात आणि बसलेलेच मातीत ठेवतात. ज्याला जमेल तो त्या वेळी फोटोवाला बोलावतो. त्यामुळे आमच्या घरांच्या भिंतींवर सगळी हार घातलेली आणि डोळे मिटलेली माणसे. दाजींच्या वडिलांचा, म्हणजे अप्पांचा, एकच फोटो होता आणि तोही तसलाच. अप्पा गेले तेव्हा दाजी फार लहान होते. वडिलांचे डोळे कसे होते हे त्यांना काही केल्या आठवत नसे, आणि ते त्यांना आत कुठेतरी सलत असे. आईचा तरी उघड्या डोळ्यांचा फोटो आपल्यापाशी असावा, एवढाच त्यांचा हट्ट होता. पण आईला, म्हणजे आमच्या अव्वाला, कॅमेरा म्हणजे मयताचे सामान. "मी काय मेले व्हय रं, फोटो काढायला?" ती म्हणायची. दाजींनी फारच लावून धरले तेव्हा तिने अट घातली. "आधी हात बसू दे. वरीसभर दर शुक्करवारी एक काढ आन् मला आणून दाव. बावन्न झाले की मी बसते." शुक्रवार हा कचेरीच्या सुट्टीचा दिवस. आपला लेक तबला तीन आठवड्यांत आणि कुस्ती दीड दिवसात सोडून बसलेला तिने पाहिला होता, तेव्हा चौथ्या शुक्रवारी हा कॅमेराही माळ्यावर चढेल अशी तिची खात्री होती.

पहिल्या शुक्रवारी दाजींनी जनवाड्याच्या रस्त्यावरचा पिंपळ काढला. भिंगावरचे टोपण काढायचे तेवढे विसरले. काळाकुट्ट कागद अव्वाच्या हातात दिला तर ती म्हणाली, "झ्याक आलाय. आमुशाचा हाय व्हय?" दुसऱ्या शुक्रवारी त्यांनी माझ्या बहिणीला उंबऱ्यात उभे केले. टोपण काढून पाच आकडे मोजायचे आणि तोवर तिने श्वाससुद्धा घ्यायचा नाही असे ठरले. दाजी तीनपर्यंत आले आणि गल्लीतून आमचे शेजारी, काळ्या धातूवर चांदीची नक्षी बसवून बिदरीची सुरई घडवणारे म्हातारे उस्ताद, निघाले. त्यांनी सलाम केला. दाजींनी सलाम घेतला, त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली, नातवाचा ताप विचारला आणि मग पुढे म्हणाले, "चार." तोवर अक्काचा चेहरा जांभळा झाला होता. फोटोत तिला दोन नाके आणि साडेतीन डोळे आले. त्यातून ज्या काचेवर फोटो उमटतो ती औषधात धुवायला दाजींनी तिची भाकरी मळायची काठवट नेली होती, ती औषधांच्या वासाने कायमची गेली. "आता पीठ तुमच्या टोपीत मळू का?" अक्काने विचारले. दाजी खरोखरच विचारात पडले, कारण ते पुढच्या शुक्रवारच्या नादात होते.

गावात दाजी तिपाई खांद्यावर टाकून निघाले की ओट्याओट्यावरून एकच प्रश्न यायचा, "कोण गेलं वो?" एकदा नौबादेत एका ओळखीच्या म्हाताऱ्यांचा फोटो काढायला ते सकाळीच निघाले. त्यांच्या खांद्यावरची तिपाई बघून वाण्याने दुकानाच्या फळ्या लावल्या. दाजी त्या दारात पोचेपर्यंत मागे पंधरा-वीस माणसे जमली, दोघींनी तर वाटेतच गळा काढला. तेवढ्यात ते म्हातारे दात घासत बाहेर आले आणि एवढी माणसे बघून त्यांनीच घाबरून विचारले, "कामून रडायलाव? कोण गेलं?" कुणीतरी आणलेला हार फुकट कशाला घालवायचा म्हणून त्यांनी तो गळ्यात घालून घेतला आणि त्या दिवशी दाजींना पहिल्यांदा एक न हललेला माणूस मिळाला. हलले नाहीत, कारण भेदरले होते.

दाजी प्रत्येक काच कागदात गुंडाळत आणि वर तिचा दोष लिहून ठेवत. मी चोरून वाचले आहेत ते. 'डोके गेले.' 'पाय आले, माणूस गेला.' 'म्हैस उत्तम, मालक हलला.' 'बायको रागावलेली, पण उजेड बरा.' हसता हसता माझ्या लक्षात आले की दोष हळूहळू बारीक होत चालले आहेत. दिवाळीपर्यंत सगळ्यांची डोकी आली. संक्रांतीला नाकाची सावली कुठे पडली यावर दाजी तक्रार करू लागले. उस्ताद एकदा फोटो हातात धरून म्हणाले, "साब, नजर अच्छी हो गई. अब जल्दी नक्को करो. एक सुरई पे मेरा महिना जाता." दाजींनी तेही लिहून ठेवले. आणि अव्वा? ती शुक्रवारी दुपारपासूनच चष्मा पुसून बसायची. तोंडाने नावे ठेवायची, पण फोटो परत द्यायला फार वेळ लावायची.

चाळिसाव्या शुक्रवारानंतर अव्वाने अंथरूण धरले. खोकला थांबेना. दाजींच्या तोंडचे पाणी पळाले. "अव्वा, आज बस. बारा ऱ्हाऊ दे," त्यांनी अक्षरशः पाय धरले. ती म्हणाली, "बोली म्हंजे बोली. बारा ऱ्हायलेत न्हवं? मी कुटं जात न्हाई." त्या बारा आठवड्यांत दाजींनी काय काढले ते त्यांनाही ठाऊक नसेल. मी चेष्टा करणे बंद केले होते. खरे सांगायचे तर मला भीती वाटत होती.

बावन्नाव्या शुक्रवारी शेवटचा फोटो बघून अव्वा उठली. कोरे इरकली लुगडे नेसली, विभूती लावली आणि अंगणात पाटावर ताठ बसली. दाजींनी फडक्यात शिरून नेम धरला, बाहेर येऊन फोटोची काच घातली, टोपणाला हात लावला आणि अव्वाने डोळे मिटले.

"अव्वा, डोळे उघड की."

"उघडायचे न्हाईत."

"अगं, कामून?"

"मला कुटं लावशील? अप्पाच्या शेजारीच न्हवं? त्यांनी डोळे मिटलेत आन् मी बाजूला टकामका बघत बसू? लाज न्हाई का मला?"

दाजींनी विनवले, मी विनवले, अक्काने देवाची शपथ घातली. अव्वा हलली नाही. वर्षभर जे माणसांकडून होत नव्हते ते तिने एकटीने करून दाखवले. मग दाजी एकाएकी पुन्हा त्या काळ्या फडक्यात शिरले. आता आत बघण्यासारखे काही नव्हते, मागची बघायची काच तर फोटोच्या काचेने झाकलेली होती. पण शेरवानी घातलेल्या पन्नाशीच्या माणसाला तोंड लपवायला दुसरी जागा कुठे असते? फडके हलायला लागले. एक हात तेवढा बाहेर टोपणावर राहिला.

"काय झालं रं?" अव्वा ओरडली. "रडायलास व्हय?"

त्या हाताने टोपण उचलले, हवेत स्थिर धरले आणि चार आकड्यांनी जागेवर बसवले. पुढे मी दाजींना विचारले, न बघता कसे काय काढलेत? ते म्हणाले, "अव्वा डोळे मिटून कधी कुणावर ओरडली न्हाई."

फोटोत अव्वाचे ओठ पुसट आहेत, उचललेला हात तर धुरासारखा आहे. डोळे मात्र लख्ख, रागावलेले, घाबरलेले आणि नेमके दाजींवर रोखलेले. अव्वाने तो बघितला, बराच वेळ बघितला. म्हणाली, "लाव अप्पाच्या शेजारी. लोकांकडं न्हाई, मी माज्या लेकाकडं बघायले म्हणून सांग."

त्यानंतर ती पावसाळा काढून गेली. तिला बसवले तेव्हा भावकीने फोटोवाल्याचे नाव काढले, पण दाजींनी नको म्हटले.

परवा मी अक्काकडे गेले तर सोप्यात दाजी एकटेच त्या फोटोपुढे उभे होते. मी आलेले त्यांना कळले नाही. "न्हाई अव्वा," ते फोटोला सांगत होते, "कुटं रडायलोय?" आणि शेरवानीच्या बाहीने डोळे पुसत होते. मी पाय न वाजवता मागे फिरले, पार रस्त्यावर गेले आणि तिथून मोठ्याने हाक मारली, "दाजी, हाव का घरात?"