पप्पांची बिडी आणि ताईचे डोळे

आमच्या घरात पप्पांच्या बिडीवर जेवढी भाषणं झाली, तेवढी चर्चच्या व्यासपीठावरूनही झाली नसतील. भाषण करणारी माझी थोरली बहीण. ताई केडगावात शाळेत शिकवते, त्यामुळे घरातही ती शिकवतच असते. मी सुप्याच्या एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करतो. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार मिळतो म्हटल्यावर चौकसपणा अंगात मुरणारच. अमुक गोष्ट अशी का, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही, आणि उत्तर दिल्याशिवाय ताईला.

पप्पा रोज एक बंडल संपवायचे. फक्त लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, बिडीला हात लावायचे नाहीत. आमच्यात त्या दिवसांत प्रत्येक जण आपल्या आवडीचं काहीतरी सोडतो. ताई चहा सोडायची, मी भजी. पप्पा बडीशेप चघळत बसायचे आणि सगळ्यांवर खेकसायचे. ईस्टरच्या पहाटेची उपासना आटोपली की चर्चच्या मागच्या भिंतीआडून धुराची रेघ निघायची. आमचे पाळकसुद्धा तिकडे बघून हसायचे.

मग पप्पा चालताना दाराच्या चौकटीला धडकायला लागले. ताटाशेजारचा तांब्या त्यांच्याच हाताने लवंडायचा आणि तो तिथे ठेवणाऱ्याच्या नावाने ते ओरडायचे. नगरला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं, तर काचबिंदू निघाला. डोळ्यातला दाब वाढून मागची नस वाळत चालली होती. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकवायची तर रोज थेंब टाकायचे, तेही आयुष्यभर, असं डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही उठता उठता ते म्हणाले, "आणि बिडी बंद करा, एकूणच तब्येतीला वाईट." आमच्या घराने त्यातलं हे शेवटचंच वाक्य घट्ट पकडलं. ताईला तर हवा होता तो पुरावा मिळाला. "बघा, धुरानं डोळे खाल्ले तुमचे!"

पुढच्या लेंटला पप्पांनी बिडी सोडली ती ईस्टरलाही पेटवली नाही. भिंतीआडून धूर निघाला नाही, तेव्हा ताई चर्चच्या पायरीवर बसून आनंदाने रडली. त्याच सुमारास पप्पांनी थेंबही बंद केले. चोरून नाही, अगदी उघड.

"ज्याच्यापायी रोग झाला ते गेलं न्हवं? मग आता औषध कशाला? मूळच उपटलंय मी."

आम्हाला ते पटलं. ताईने तर त्यांना शाबासकी दिली. बाटली फ्रिजच्या दारात पडून राहिली आणि पप्पांची नजर आतल्या आत आक्रसत गेली. वर्षभराने पुन्हा दाखवलं, तेव्हा डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, पण तोवर उशीर झाला होता. शेवटी शेवटी आमचे चेहरे त्यांना दिसत नव्हते, आवाजावरून ओळखायचे. बिडी मात्र त्यांनी मरेपर्यंत ओढली नाही.

गेल्या वर्षी जवळचं वाचता येईना म्हणून मी चष्म्याच्या नंबरासाठी नगरला गेलो. आता तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई बसतात. "घरात कुणाला काचबिंदू?" त्यांनी विचारलं.

"वडिलांना होता. पण तो बिडीनं झालेला. मीही सिगारेट ओढतो, तेव्हा माझ्यातही काहीतरी निघेलच."

काहीच निघालं नाही. दाब ठीक, नस ठीक. खरं सांगायचं तर मला थोडं फसवल्यासारखंच वाटलं. "मॅडम, वडिलांची तलफ माझ्यात आली, मग काचबिंदू कसा नाही आला? दोन्ही एकाच रक्तातून येतात ना?"

बाहेर पेशंट खोळंबले होते, तरी बाईंना प्रश्न आवडलेला दिसला. त्या म्हणाल्या, तलफ नुसती संगतीने लागत नाही, तिच्यातला थोडा वाटा जन्मतःच येतो. ज्यांच्या रक्तात असा कल आहे त्यांना काचबिंदू जास्त होतो का, हे संशोधक ताडून बघतात. काहींना संबंध दिसतो, काहींना दिसत नाही. अजून छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. "सिगारेट सोडाच, ती इतर पन्नास कारणांनी वाईट. पण काचबिंदू घराण्यातून येतो, हे पक्कं. ज्याला झाला त्याच्या भावंडांनी आणि मुलांनी तपासून घ्यायलाच हवं. ओढोत की न ओढोत."

परतताना बसमध्ये मी हेच घोळवत बसलो. मजा वाटत होती. पप्पांचं नाक माझ्याकडे आलं, खणखणीत आवाज ताईकडे गेला, तापटपणा दोघांत सारखा वाटला गेला. तलफ माझ्या वाट्याला आली. मग डोळ्यातला दाब कुणाच्या वाट्याला?

केडगाव आलं आणि माझी मजा संपली. आमच्या कारखान्यात एका लॉटमधला एक नग खराब निघाला, की बाकीचे कितीही चकचकीत दिसोत, सगळा लॉट बाजूला काढून तपासायचा असतो. पप्पांच्या लॉटमधले आम्ही दोघंच. एक तपासून झाला होता. दुसरा रोज स्कूटीवरून पुणे रस्त्याने शाळेत जात होता, आणि नुकताच एका उभ्या रिक्षाला घासला होता.

"मला कशाला?" ताई म्हणाली. "मी कधी ओढली का? पाप तू करायचं आणि तपासणी माझी?"

मी डॉक्टरीणबाईंचं सगळं म्हणणं सांगितलं. तिने ते वहीतल्या चुकीच्या उत्तरासारखं खोडून टाकलं. पप्पांचे डोळे बिडीने गेले, विषय संपला. मी आठवडेच्या आठवडे मागे लागलो. शेवटी वैतागून म्हणालो, "तू एकदा चल, मी येत्या लेंटला सिगारेट सोडतो." ताई लगेच चप्पल घालायला उठली.

बाईंनी तिला एका पांढऱ्या, अर्धगोल यंत्रासमोर बसवलं. एक डोळा झाकायचा, नजर मधल्या ठिपक्यावर ठेवायची आणि बारीक दिवा दिसला की हातातलं बटण दाबायचं. ताई बोर्डाच्या परीक्षेला बसावं तशी बसली आणि खुशीत उठली.

"एकसुद्धा चुकवला नाही. दिसला की दाबला."

बाईंनी निकालाचा कागद समोर ठेवला. डाव्या डोळ्याच्या चित्रात कडेला काळा डाग होता. तिथे यंत्राने दिवे लावले होते, ताईपर्यंत ते पोचलेच नव्हते.

"पण मी सगळे दाबले," ती पुन्हा म्हणाली, या वेळी हळू आवाजात. पप्पा तांब्या ठेवणाऱ्यावर का ओरडायचे, ते मला त्या खुर्चीत बसून कळलं. त्यांच्या लेखी तांब्या तिथे नव्हताच.

वेळेवर आलात, बाई म्हणाल्या. बरीच नजर शाबूत आहे, रोज थेंब टाकले तर टिकवता येईल.

येताना स्कूटी मी चालवली. ताई मागे निकालाचा कागद धरून बसली होती. केडगाव जवळ आलं तेव्हा तिने विचारलं, "पप्पांनी थेंब बंद केले तेव्हा शाबासकी मीच दिली होती ना रे?"

"आपल्या सगळ्यांनाच पटलं होतं, ताई," मी म्हणालो. डोळे भरून आले होते, म्हणून रस्त्याकडेच बघत राहिलो.

लेंट सुरू झाला त्या बुधवारी संध्याकाळच्या उपासनेनंतर तिने माझ्यापुढे हात पसरला. मी सिगारेटचं पाकीट दिलं. तिने ते चुरगाळून फेकलं. मी विचारलं, "आणि तू? चहाच ना?"

ती चर्चच्या त्याच पायरीवर बसली, पर्समधून थेंबांची बाटली काढून माझ्या हातात दिली आणि मान मागे टाकली.

"यंदा मी काहीच सोडणार नाही," ती म्हणाली. "सोडून बघितलंय आपण."