आपली पार्टी

आमच्या स्कूटर-मिस्त्रीचा जीव अमेरिकेतल्या एका चिमुकल्या समाजवादी पक्षात अडकला आहे. तिथली निवडणूक झाली की हा गोंदियात पेढे वाटतो. यंदा मी विचारलं, "जिंकले?"

"हारले. काऊन हासून राहिले जी? आणखी एका राज्यात आपल्या पार्टीचं नाव मतपत्रिकेवर आलं ना."

मी पेढा खात त्याला लोकशाही समजावली. त्यानं कार्ब्युरेटर पुसत ती ऐकून घेतली आणि नगरपालिकेचा उमेदवारी अर्ज पुढे केला. "मीबी उभा होऊन राहिलो. एक सूचक कमी पडून राहिला. करा सही."

त्याच वॉर्डात माझ्या बायकोचा सख्खा भाऊ उभा आहे. पण तोंडात पेढा असताना नाही म्हणता येईना.

मिस्त्रीचं नाव मतयंत्रावर आलं. माझं ताट अजून आलेलं नाही.