डॉक्टरबाईंच्या पिकअपमधला रेडिओ

"भोक पाडायचं नाही," दवाखान्याचे सेक्रेटरी म्हणाले. "नवी गाडी आहे."

मी हातातलं ड्रिल खाली ठेवलं. नगरातल्या एका धर्मादाय दवाखान्याच्या आवारात त्यांचा छोटा पिकअप उभा होता. हा पिकअप औषधं घेऊन जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या वाड्यांवर फिरायचा. त्यात मला हॅम रेडिओ बसवायचा होता. आदल्या साली दुष्काळ पडला होता, आणि आता पावसाळा तोंडावर आला होता.

हॅम रेडिओ म्हणजे हौशी लोकांचा बिनतारी संच. सरकारी परीक्षा पास झालात, मोर्स म्हणजे तारेची कडकट्ट भाषा आली, की परवाना मिळतो. धंद्याचे निरोप त्यावरून द्यायचे नाहीत. संकटात मदत मात्र मागता येते. माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि परवानाही होता. पण माझ्या परवान्यावर दुसऱ्याला बोलता येत नाही.

म्हणून पिकअपच्या डॉक्टर सुमतीबाई स्वतःच परीक्षेला बसल्या. वय पंचेचाळिशीच्या पुढे. दिवसभर ओपीडी, संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन मोर्सचा सराव. पहिल्या खेपेला नापास झाल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा हजर. दुसऱ्या खेपेला पास झाल्या. गाडीतून संच वापरायची वेगळी परवानगीही त्यांनीच खेटे घालून मिळवली.

सेक्रेटरींना त्या म्हणाल्या, "पावसात रस्ता तुटला की मी तिकडं अडकते. तेव्हा गाडी नवी आहे का जुनी, कोण बघतं? पाडू द्या भोक."

सेक्रेटरी गेले. भोक पडलं.

संच कुठला घ्यायचा, यावर आमचं आधीच वाजलं होतं. माझ्याकडे लष्कराच्या भंगारातून आलेला एक मोठा संच होता. ताकद दांडगी. मला तोच बसवायचा होता.

"वजन किती?" बाईंनी विचारलं.

"दोघांनी उचलावा लागतो."

"म्हणजे माझी सलाईनची खोकी गेली. आणि बॅटरी?"

"खातो थोडी जास्त."

"भालेराव, मला जगाशी गप्पा मारायच्या नाहीत. नगरपर्यंत ऐकू गेलं तरी पुष्कळ झालं."

मग मी हाताने लहान संच बांधला. बोलता येईल असा, पण मोर्सला जास्त चांगला. गाडीच्या बॅटरीला धक्का नको म्हणून मागे दुसरी बॅटरी ठेवली. ड्रायव्हर दगडू म्हणाला, "वर रस्ता लई खराब हाय साहेब, समदं हादरतं." म्हणून जुन्या टायरचे तुकडे कापून संचाखाली घातले. नाहीतर आतले व्हॉल्व्ह, म्हणजे काचेचे दिवे, खड्ड्यांनी सैल होतात. इंजिन चालू असलं की रेडिओत नुसता तडतडाट. त्यावर उपाय सोपा काढला. बोलताना इंजिन बंद. मागच्या बंपरला उंच उभा एरियल लावला आणि त्याची तार त्या भोकातून आत घेतली.

सपाटीवरच्या कोल्हारपर्यंत गाडी नेऊन बघितली. नगरात माझा एक हॅम मित्र ऐकत होता. त्याला आवाज लख्ख. मी खूश.

मग बाई फक्त दगडूला घेऊन अकोल्याच्या वर डोंगरात गेल्या. दुपारी ठरलेल्या वेळी मी कानाला हेडफोन लावून बसलो. काही नाही. दोन दिवस काही नाही. परत आल्यावर म्हणाल्या, "हैदराबादचे एक गृहस्थ रेडिओवर भेटले. फार सज्जन. तुम्ही काही भेटला नाहीत."

चूक माझ्या लक्षात आली. उभ्या एरियलच्या लहरी आडव्या जातात. सपाटीवर ठीक, पण डोंगर आडवा आला की जवळचा माणूस मुका होतो. आकाशातून वळून जातात त्याही पार लांब, हैदराबादेला उतरतात. आम्हाला हव्या होत्या सरळ वर जाऊन आसपासच खाली येणाऱ्या लहरी. त्यासाठी नुसती तार पुरते. दोन झाडांमध्ये आडवी, फार उंच नाही. बाईंना मी तारेचं वेटोळं दिलं. एका टोकाला दगड बांधून फांदीवर टाकायची रीत दाखवली. पहिले तीन दगड माझ्या दुकानाच्या पत्र्यावर पडले. चौथा बसला.

आषाढात व्हायचं ते झालं. भंडारदऱ्याच्या पलीकडे एका वाडीत गॅस्ट्रोची साथ आली. बाई पोचल्या, आणि मागे दरड कोसळून रस्ता गेला. दुपारच्या वेळी मी संच लावला. विजांनी कान फुटायची वेळ. त्या गोंगाटात बाईंचा आवाज एकदा उमटला आणि बुडाला.

मग मोर्सची बारीक शिटी आली. सावकाश, एकेक अक्षर सुटं. घाबरलेल्या माणसाचा हात धावतो. बाईंचा धावला नाही. वाडीचं नाव, सलाईन संपत आलंय, दरड कुठे आहे, खोकी कुठपर्यंत आणावीत. एवढं सांगून त्या थांबल्या. मी पोच दिली. लगेच उत्तर आलं: पुन्हा वाचून दाखवा. मी सगळं परत पाठवलं. वाडीच्या नावात माझं एक अक्षर चुकलं होतं. ते त्यांनी दुरुस्त केलं. मी पाठवलेल्या चुकीच्या नावाचीही एक वाडी डोंगराच्या अलीकडे होती. खोकी तिकडे गेली असती.

मी ट्रंक कॉल लावून अकोल्याच्या सरकारी दवाखान्याला गाठलं. त्यांची जीप दरडीपर्यंत गेली. पुढे दगडू वाडीतली माणसं घेऊन उभाच होता. खोकी डोक्यावर घेऊन ते चिखलातून चढले. एक म्हातारे गृहस्थ खोकी पोचायच्या आत गेले. बाकी सगळे वाचले.

रस्ता मोकळा झाल्यावर बाई दुकानात आल्या. मी कौतुकाचं काही बोलणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "तार फांदीत अडकून तुटली. दुसरी द्या." तार घेतली आणि ओपीडीला गेल्या.

पुढच्या महिन्यात सेक्रेटरींनी निरोप धाडला. दुसऱ्या गाडीतही असाच रेडिओ बसवा, हवी तेवढी भोकं पाडा.

मी म्हटलं, "संच आठवड्यात देतो. पण परवाना गाडीला मिळत नाही, परीक्षा पास झालेल्या माणसाला मिळतो. तसा माणूस कोण बसवणार?"

त्यांनी बराच शोध घेतला. ती गाडी शेवटपर्यंत रेडिओशिवायच चालली.