पुण्याला भाकरी पाठवताना

माल पाठवायचा असेल तर गावात सल्ला मागू नये, हा माझा पहिला सल्ला. मी आणि जाऊबाईंनी खटकचिंचोळीत कडक भाकरीचा धंदा काढला आणि अख्खं गाव ट्रान्सपोर्टवालं झालं. तरी पुण्याच्या दुकानात पाठवलेला पहिला माल चुरा होऊनच पोचला. दुकानाच्या बाईंनी फोनवर सांगितलं, ‘‘पुढचं खोकं असंच आलं तर ऑर्डर बंद.’’ आम्हाला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

या खेपेला भाकरी आडव्या न रचता उभ्या लावल्या, मध्ये पुठ्ठे घातले, बोटभरही फट ठेवली नाही. पण हमाल आपटणारच. मागच्या वेळी ‘काच सांभाळा’ लिहूनही त्यांनी आपटलं होतं. म्हणून जाऊबाईंनी ठळक अक्षरांत लिहिलं, ‘आत देव आहे’.

आमचे सासरे, अप्पा, गळ्यात इष्टलिंग बांधणारे लिंगायत. ते भडकले. ‘‘देव खोक्यात कामून कोंबायलीस?’’ असं जाऊबाईंना विचारून चहा न पिताच मळ्यात गेले.

ठरलेला दिवस उलटला. खोकं पोचलंच नाही, असा बाईंचा फोन आला. मी तडक तालुक्याला, भालकीचं ट्रान्सपोर्ट ऑफिस गाठलं. खोकं स्टुलावर विराजमान झालेलं, त्याला हळदकुंकू, झेंडूची जाड माळ, समोर फोडलेला नारळ. हमाल चपला बाहेर काढून आत येत होते.

‘‘पाठवलं कामून न्हाई?’’ मी ओरडले.

‘‘अक्का, रोज गाडीत चपलांचा माल, न्हाईतर कोंबड्यांचं खाद्य. त्यात देव कसा घालावा?’’ मुकादम म्हणाला. ‘‘आज गाडी चांगली हाय. जायच्या आधी दर्शन तेवढं घडवा.’’

सगळे हात जोडून उभे राहिले. मी खोकं उघडलं.

‘‘आम्ही भाकरीला नारळ फोडलाव व्हय?’’ मुकादम म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग एकजण हसला, मागोमाग सगळेच. ‘‘दर्शन झालं, आता प्रसाद,’’ म्हणत त्यांनी आपले डबे उघडले आणि चटणीशी कडेची अख्खी रांग फस्त केली. त्यांना नको म्हणायला मला तोंड कुठं होतं? पण खोक्यात ही मोठी फट पडली. आता भाकरी एकमेकींवर आपटणार आणि ऑर्डर जाणार, या विचारानं मला रडूच फुटलं.

मुकादमानं इकडंतिकडं बघितलं, माळ उचलली आणि फटीत गच्च दाबून बसवली. खोक्यावरचा ‘देव’ खोडून ‘भाकरी’ लिहिलं. ‘‘भाकरीवर कोन पाय देतंय, अक्का? हेच आधी लिव्हायचं,’’ म्हणाला आणि स्वतः खोकं गाडीत चढवलं.

माल पोचल्यावर बाईंचा फोन आला. ‘‘एकही फुटली नाही. पण आत झेंडू कशाला?’’

‘‘आमच्याकडचं पॅकिंग असंच असतं,’’ मी ठोकून दिलं.

‘‘गिऱ्हाइकांना फार आवडलं. दर वेळी घाला.’’

आता मळ्यात बांधाच्या कडेनं झेंडू आहे. अप्पांनीच लावलाय. कामून, असं कुणी विचारलंच तर म्हणतात, ‘‘सुनांचा माल फुटू न्हाई म्हणून.’’