गादीखोलीचा सूर

आमच्या घराच्या मागे एक लांबट खोली आहे. माझे सासरे, म्हणजे मामंजी, तिथे गाद्या भरायचे. कापूस पिंजणं, खोळी शिवणं, टाके घालणं, सगळं त्याच खोलीत. ते गेले तेव्हा विकायच्या राहिलेल्या गाद्या तशाच भिंतीला टेकून उभ्या होत्या, आणि त्यांचं काय करायचं यावर दोन्ही मुलांचं एकमत होईना. शेवटी मुलीने कुणाला न विचारता त्या चारी भिंतींना ठोकून टाकल्या, छताला उरलेलं खोळीचं कापड ताणलं, दारावर लाल दिवा बसवला आणि जाहीर केलं, आता इथे गाणी रेकॉर्ड होणार.

ही मुलगी म्हणजे माझी नणंद. मी त्यांना वन्सं म्हणते. बँडवाले पोरंपोरी मात्र त्यांना पुन्हाताई म्हणतात, कारण त्यांच्या तोंडून सर्वांत जास्त वेळा निघणारा शब्द तो. गाणं संपलं की सगळे आशेने काचेच्या छोट्या खिडकीकडे बघतात. वन्सं कानावरचे हेडफोन जरा सरकवतात, दोन बोटांनी नाक चोळतात आणि शांतपणे म्हणतात, "पुन्हा."

वन्सं दिवसा कानाच्या यंत्रांच्या दुकानात कामाला होत्या. म्हाताऱ्या माणसांच्या कानात यंत्र बसवायचं, ते कुठे शिट्टी मारतंय ते बघायचं. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणत, वेळ नाही मिळाला. आणि ते खरंच वाटावं अशी त्यांची धावपळ असे. दुकानातून आल्या की चहाचा कप हातात घेऊनच मागच्या दारी. तो अर्धा राहिलेला कप दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी ढोलाखाली मला सापडायचा.

त्यांच्या खोलीचा एक नियम होता, आणि त्यावरून त्यांनी भलेभले बँड परत पाठवले. सगळ्यांनी एकत्र वाजवायचं, एकाच खोलीत, एकमेकांच्या तोंडाकडे बघत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तुकडे जोडायचे नाहीत. एकाचं चुकलं तर सगळ्यांनी पुन्हा. एकदा एक मुलगा म्हणाला, माझं बरोबर होतं, मी कशाला परत वाजवू. वन्संनी त्याला विचारलं, घरी एकटाच जेवतोस का रे. त्याला काही कळलं नाही, पण त्याने वाजवलं.

तिथे येणाऱ्यांपैकी वन्संचा सगळ्यांत लाडका बँड तिघांचा. एक वेल्डर, तो ढोल-झांजांवर बसायचा आणि बसताना दर वेळी, हे तरी मला भाजत नाही, असं म्हणायचा. एक शिकवणीवाले सर, गिटार त्यांची. आणि गाणारी एक नर्स. आवाज असा की हळू गायली तरी स्वयंपाकघरात माझा हात थांबावा. तिने स्वतःच एक गाणं रचलं होतं. तिच्या इस्पितळाची लिफ्ट कायम बंद, ही दिवसभर जिने चढणार. त्या गाण्यात ती स्वतःच्या पायांशी बोलते: "पायांनो, अजून एक जिना, मग मी तुमची." ऐकून आधी हसू यायचं, मग तिच्या पायांकडे लक्ष जायचं.

तिघेही म्हणायचे की गादीखोलीत सूर कसा पटकन लागतो. सर आले, भिंतीला पाठ टेकून बसले, तारा पिळल्या की झालं. वन्संना याचा फार अभिमान. म्हणायच्या, अण्णांच्या कापसाचा गुण आहे. अण्णा म्हणजे त्यांचे वडील.

एवढं सगळं छान चालू असताना आमच्या थोरल्या भावोजींच्या डोक्यात ती खोली आली. भावोजी माझ्या यजमानांचे मोठे भाऊ, वन्संचे दादा. राहतात वेगळे, पण घरातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचं लक्ष. स्वभावाने वाईट नाहीत, फक्त रिकामी जागा त्यांना बघवत नाही. आणि गाद्यांनी, वायरींनी, माणसांनी गच्च भरलेली ती खोली त्यांच्या हिशेबी रिकामीच होती. त्यांच्या ओळखीच्या पार्सल कंपनीला माल ठेवायला जागा हवी होती. आमच्या ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, बघू. हे आयुष्यात प्रत्येक अडचणीला बघू म्हणत आलेत, आणि मग बघायचं काम माझ्याकडे येतं.

भावोजींनी भांडण केलं नाही. त्यांनी उपकार केला, आणि त्याच्याशी भांडणं जास्त अवघड. शहराच्या मध्यावर एक मोठा स्टुडिओ आहे, तिथल्या मालकाशी त्यांची ऊठबस. त्यांनी नर्सच्या गाण्याचं रेकॉर्डिंग तिथे ठरवून टाकलं. वन्संना म्हणाले, तुझ्या मुलांना चांगली जागा मिळतेय, आडवी येऊ नकोस. आणि एकदा चांगली जागा मिळाली की या गाद्यांची गरज कुणाला? वन्सं बरं म्हणाल्या. नर्सचं भलं होत असेल तर आपण कोण अडवणार, एवढंच मला म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी चहा मात्र पूर्ण प्यायला, आणि तेव्हाच मला कळलं की त्या घाबरल्यात.

मीही त्यांच्याबरोबर गेले होते. तो स्टुडिओ इतका गार आणि इतका शांत की स्वतःचं गिळणं ऐकू यावं. तिघांना तीन काचेच्या खोल्यांत बसवलं. कानात तालाची टिकटिक. वेल्डरने आधी एकट्याने वाजवलं, मग सरांनी यंत्र लावून तारा जुळवल्या आणि एकट्याने वाजवलं, आणि शेवटी नर्स एकटी उभी राहिली. ती गाऊ लागली तसा तिथला माणूस हसतमुखाने म्हणाला की मॅडम, तुम्ही जरा चढ्या लागताय, सुराच्या वर. तिने पुन्हा म्हटलं. पुन्हा चढीच. बिचारीने पाण्याचे घोट घेतले, डोळे मिटून बघितलं. शेवटी तो म्हणाला, असू दे, आम्ही कॉम्प्युटरवर सरळ करून घेऊ.

घरी येताना ती खिडकीबाहेर बघत बसली. इतकी वर्षं मी बेसूर गात होते आणि तुम्ही कुणी सांगितलं नाहीत, एवढंच बोलली. वन्सं स्वतःचे कान चोळत राहिल्या. ज्या कानांवर त्यांचं घर चालत होतं, त्या कानांवरच त्यांचा विश्वास उरला नव्हता.

चार दिवसांनी भावोजी फोनवर ते गाणं घेऊन आले. सगळ्यांना ऐकवलं. खरं सांगायचं तर ऐकायला गुळगुळीत होतं, कुठे काही टोचत नव्हतं. नर्सही आली होती. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "छान आहे. कोण गायलंय?"

भावोजी हसले. त्यांना वाटलं, गंमत करतेय. जाताना सांगून गेले की रविवारी पार्सलवाला खोली मोजायला येईल.

शनिवारी तिघे जमले ते खरं तर सामान आवरायला. वेल्डर म्हणाला, आवरायच्या आधी एकदा वाजवू. सर नेहमीसारखे भिंतीला टेकून बसले आणि तारा पिळू लागले. पिळताहेत, पिळताहेत, लागेना. एकीकडून ओढली की दुसरीकडून सुटते. वेल्डर म्हणाला, सर, शिकवणीतल्या पोरांना असाच वेळ लावता का. सर वैतागले. आज हिला झालंय काय, म्हणाले.

मी चहा घेऊन आत आले होते. वन्सं एकदम उठल्या, चप्पल काढली आणि अनवाणी जमिनीवर उभ्या राहिल्या. मग खाली बसून फरशीवर तळहात ठेवला. मला विचारलं, "वहिनी, आज शेजारी काय बंद आहे?"

आमच्या भिंतीला भिंत लावून एका सुताराचा कारखाना आहे. सगळे त्याला सुतारमामा म्हणतात. त्याच्याकडे भुसा ओढून घेणारा मोठा पंखा आहे. सकाळी लागतो तो रात्री उशिराच बंद होतो, त्याला सुट्टी नाही. गाद्यांमुळे त्याचा आवाज आत येत नाही असंच आम्ही धरून चाललो होतो. सकाळीच त्याच्या पंख्याचा पट्टा तुटला होता, हे मी वन्संना सांगितलं.

वन्संनी कपाळावर हात मारला आणि हसायलाच लागल्या. हसता हसता डोळे पुसले. भिंतीतून येत नसला तरी जमिनीतून तो आवाज येतच होता, सारखा, एकसुरी, इतका सारखा की ऐकू येईनासा झालेला. सर त्याच्यावरच एक तार जुळवत होते आणि तिच्यावरून बाकीच्या. नर्स त्याच्यावरच गायला शिकली होती. अख्खा बँड इतकी वर्षं सुतारमामाच्या पंख्याच्या सुरात होता, आणि तो पंखा जगाच्या सुरापेक्षा किंचित चढा होता. दिवसभर लोकांच्या कानातली शिट्टी शोधणाऱ्या माझ्या नणंदेला स्वतःच्या पायाखालची ऐकू आली नव्हती.

सरांचा चेहरा पडला. आता यंत्र लावून नीट जुळवायला शिकलं पाहिजे, आणि ताईंना त्या स्टुडिओतल्या सुराला धरून गावं लागेल, असं ते म्हणू लागले. ताई म्हणजे नर्स. ती भिंतीकडे तोंड करून वायर गुंडाळत होती.

वन्सं उठल्या. म्हणाल्या, "कशाला? बेसूर म्हणजे सोबत्याशी न जुळणं. तुम्ही तिघं जुळताय, आणि चौथ्याशीही जुळताय. त्यांच्याकडे तो चौथा नव्हता, म्हणून त्यांना ही चढी वाटली. फुकट वाजवतोय बिचारा इतकी वर्षं, त्याला बाहेर का ठेवायचं? उद्या माईक लावू त्याला."

सुतारमामाला बोलावलं. त्याला वाटलं तक्रार आहे, तो दारातूनच माफी मागू लागला. वन्संनी त्याला सांगितलं की उद्या सकाळी पट्टा बसवून पंखा चालू हवा. आणि मी काय करायचं, त्याने विचारलं. वन्सं म्हणाल्या, काही नाही, तुम्ही फक्त शिंकू नका.

रविवारी सकाळी पंखा लागला. या वेळी मी मुद्दाम पायांनी ऐकला, आणि मला माझ्याच घराची नव्याने ओळख झाली. वन्संनी एक गादी उसवून भिंतीलगत जागा केली, तिथे माईक ठेवला. मला दाराशी स्टूल दिलं. लाल दिवा लागला की कुणालाही आत सोडायचं नाही. मी भाजीची परडी मांडीवर घेऊन बसले.

नर्स आत गात होती तेव्हाच भावोजी आले. सोबत पार्सलवाला, हातात मोजायची टेप. भावोजी सरळ दाराकडे निघाले. या घरात आल्यापासून मी त्यांना कधी नाही म्हटलेलं नाही; पाणी हवं का विचारलं तर तेसुद्धा खाली बघून. मी स्टूल सरकवलं ते दाराच्या बाजूला नाही, दारासमोर.

"दिवा चालू आहे, भावोजी," मी म्हटलं.

ते म्हणाले की दोन मिनिटांचं काम आहे. मी म्हटलं, गाणं तेवढंच आहे, थांबा. त्यांनी आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. हे अंगणात वर्तमानपत्र घेऊन बसले होते. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा बघू न म्हणता वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. पार्सलवाला शहाणा माणूस, तो आपणहून बाकावर जाऊन बसला.

दारातून गाणं अस्पष्ट येत होतं आणि पायांखालून पंखा. अजून एक जिना, मग मी तुमची. या वेळी ती पायांची समजूत घालत नव्हती. कुणालातरी बजावत होती.

दिवा विझला. वन्सं बाहेर आल्या. केसांत कापूस होता. भावोजी म्हणाले, सांगितलं होतं ना आज मोजायचं म्हणून. वन्संनी मान हलवली, आवाज चढवला नाही.

"दादा, अण्णा गेले तेव्हा तुम्ही दोघांनी घर बघायचं ठरवलं. मला कुणी विचारलं नाही आणि मीही मागितलं नाही. मला वाटलं, न मागता खोली वापरतेय, तेच पुरे. ते चुकलं माझं. आता मागते. माझा वाटा म्हणजे ही खोली. मोजायची असेल तर तशी मोज, तुझ्या बहिणीची म्हणून."

भावोजी आमच्या ह्यांना म्हणाले, ऐकतोयस ना. वर्तमानपत्राआडून उत्तर आलं, हो, बरोबर बोलतेय ती.

मग भावोजी बरंच बोलले. घराण्याबद्दल, व्यवहाराबद्दल, भुशाच्या पंख्याच्या आवाजात गाणी भरणाऱ्या वेडेपणाबद्दल. वन्संनी सगळं ऐकून घेतलं, म्हणाल्या, "संपलं? कारण शेवटच्या कडव्यात वेल्डर घाईत होता. आम्हाला परत घ्यायचंय. थांबणार असशील तर आत ये, गाद्यांवर बस, पण बोलायचं नाही."

ते आत गेले नाहीत. पार्सलवाल्याला घेऊन निघून गेले. तो घाईत टेप बाकावरच विसरला, आणि आता वन्सं त्याच टेपने माईकचं अंतर मोजतात. भावोजी अजून आमच्याकडे येतात, घरात चहा घेतात, मागच्या दाराकडे बघत नाहीत. वन्संनाही त्यांची मनधरणी करायला वेळ मिळालेला नाही.

त्या दिवशी ते फाटकाबाहेर पडले तेव्हा आतून वन्संचा आवाज आला. "पुन्हा." लाल दिवा लागला. मी स्टूल होतं तिथेच, दारासमोर, ठेवलं आणि परडी मांडीवर घेतली.