चौकीच्या पायरीवरचा वकील

सदा गेल्याचं मला मालवणच्या कोर्टात कळलं, ऐन तारीख चालू असताना. छातीत कळ आली आणि संपलं. मी भांडत होतो, तसाच भांडत राहिलो. घरी आल्यावर मात्र बुटाची नाडी सुटेना. दीड महिना झाला, माझा राग गेलेला नाही. त्याच्यावरचा नव्हे, स्वतःवरचा.

आम्ही दोघांनी एकाच खोलीत वकिली मांडली. माडांच्या हद्दी, भावाभावांच्या वाटण्या, एवढंच काम. सदा हुशार, पण कायदा पुस्तकात आहे म्हणजे चौकीतही असणार, असं त्याला वाटायचं. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज होते आणि तिथून येणाऱ्या चोरट्या मालाच्या संशयावरून आमचे पोलीस किनाऱ्यावर कुणालाही उचलत. पांडू नावाच्या होडीवाल्याला चौकीवरून बोलावणं आलं, तो सदाला विचारायला आला. सदा म्हणाला, "जा, खरां काय ता सांग. सांजेक घराक येतलंस."

होडी परवा कुठे होती, एवढंच पोलिसांनी विचारलं. पांडू गप्प. मासे लागतात ती खडपातली, पाण्यातल्या खडकांमधली जागा आमच्याकडचा होडीवाला मेला तरी सांगत नाही, हे आम्हा दोघा शहाण्यांच्या डोक्यातच आलं नाही. गप्प आहे म्हणजे गुन्हेगार, असं धरून त्यांनी आधी त्याचे तळवे फोडले, मग बोटं मोडली. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचा माणूस तीन दिवस नेला नाही. सदा आत शिरला तेव्हा पांडू फरशीवर पडलेला, तोंड सुजून ओळखू न येणारं. "सांगून टाक रे," सदा म्हणाला. पांडू म्हणाला, "बापाशीची जागा ती. पोराक दाखवची आसा."

मी सदाला म्हटलं, फौजदाराशी वैर नको, आपल्याला इथंच राहायचंय. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. माणूस जिवंत हजर करा, असा अर्ज घेऊन तो एसटीने मुंबईला हायकोर्टात गेला. अर्ज दाखल झाला त्याच दिवशी पांडू कोठडीत मेला. सदा परतला तर पांडूची बायको दारात उभी. "तुमीच धाडलास त्येका," एवढंच बोलून ती गेली.

त्यानंतर सदाने जमिनीचे दावे सोडले. ते मी घेतले, आणि सांगायला लाज वाटते, खुशीने घेतले. कुणाला उचललं की सदा पाठोपाठ जायचा आणि माणूस मॅजिस्ट्रेटपुढे नेईपर्यंत चौकीच्या पायरीवर बसायचा. आत ओरडणं सुरू झालं की बाहेरून खणखणीत आवाजात अटकेचं, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचं कलम म्हणायचा. एकदा दंडुक्याने त्याचं खांद्याचं हाड मोडलं, एकदा दात पाडले. रक्त थुंकून पुन्हा तिथंच. त्याची बायको, नलूवहिनी, करवादायच्या, "ह्यांका संसार नको, पायरी व्हयी." हायकोर्टात त्याचे काही अर्ज फेटाळले गेले. काहींमुळे माणसं आपल्या पायांनी घरी आली.

परवा त्याची पुस्तकं आवरायला गेलो होतो. मासे विकणारी एक बाई धापा टाकत आली. तिच्या नवऱ्याला सकाळी नेलं होतं. "वकील खंय आसत?" सदा गेल्याचं तिला ठाऊकच नव्हतं. मी चहाचा कप धरून बसून राहिलो. वहिनींनी पदर खोचला आणि त्या तिला म्हणाल्या, "चल, मी येतंय."

मग मलाही उठावं लागलं. वहिनी चौकीच्या पायरीवर बसल्या. आतून फटक्यांचा आवाज येत होता, मध्येच माणसाचा. वहिनींनी माझ्याकडे बघितलं.

"भावजी, ता कलम माका येना नाय. तुमका येता मां? म्हणा."

मला पाठ होतं. इतकी वर्षं पाठ होतं. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि म्हणायला लागलो.